अकरा चाळीसची नोंद

अंबड, २४ मार्च २००३

हेडक्लार्क अप्पारावांनी कीबोर्डची वायर मागून उपटली तेव्हा माझी बोटं बटणांवरच होती. शब्द अर्धा राहिला. "बाई, उठा. आता ह्याला हात लावायचा न्हाई." मी म्हटलं, "झालं काय?" "झालं काय ते तुमालाच म्हाईत," असं म्हणून त्यांनी कीबोर्ड काखेत मारला आणि स्वतःच्या टेबलाकडे गेले. आसराबाई टायपिंग थांबवून बघत होत्या. मी उठले. पदर खुर्चीत अडकला होता, तो सोडवायलाही वेळ लागला.

वसंता, हे शनिवारचं. आज सोमवार. मला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं आहे. जुन्या फायली सोडायच्या, धूळ झटकायची, परत बांधायच्या. तू बसवलेलं मोठं यंत्र माझ्या शेजारीच घरघरतं.

कुंभार पिंपळगावच्या शाळेला मुख्याध्यापक नेमायचा आहे. त्यासाठी ज्येष्ठता यादी तुझ्या डिरेक्टरीतून, म्हणजे संगणकातल्या नोंदींतून, काढली. तिच्यात काकासाहेबांची रुजू तारीख १४ जून १९८२ आली. सेवापुस्तकात ती १९८४ आहे. दोन वर्षांच्या फरकानं ते सगळ्यांच्या वर गेले. अप्पारावांनी संगणकातली तुझी नोंदवही उघडली, कोणी काय बदललं ते तिच्यात आपोआप लिहिलं जातं ती. तिच्यात आहे: ६ मार्च, सकाळी ११.४०, तारीख बदलली, बदलणार बेबीनंदा. काकासाहेब म्हणजे ह्यांचे थोरले चुलतभाऊ, आमच्या अंगणातलेच. पुढं कोणाला काही विचारायची गरज वाटली नाही.

मी तारीख बदललेली नाही. तसं लिहून दिलं आहे. माझा पासवर्ड मला एकटीला माहीत, रोज मीच टाकते, हेही लिहून दिलं आहे. पंचवीस एप्रिलला चौकशी आहे. सचिव अण्णासाहेब स्वतः बसणार. दोष शाबीत झाला तर घरी बसावं लागेल. बावीस वर्षं झाली मला या संस्थेत.

मला दोन गोष्टी सांग. माझं नाव मी नसताना तुझ्या वहीत येऊ शकतं का? आणि तू स्वतःसाठी आत यायची काही किल्ली ठेवली आहेस का? अप्पाराव म्हणत होते, "बांधणारा मागचं दार ठीवतोच." मी म्हटलं, माझा सख्खा आतेभाऊ आहे तो. "म्हणूनच म्हणून राह्यलो," म्हणाले.

ई-मेल करू नकोस. तो त्याच यंत्रातून जातो आणि अप्पाराव तो उघडतात असा मला संशय आहे. एसटीडी बूथ त्यांच्या मेव्हण्याचा आहे. आमच्या पत्त्यावरही लिहू नकोस, टपाल सगळ्यांच्या हातातून फिरतं. शेजारच्या गोपिकाबाईंच्या नावानं पाठव. त्यांना वाचता येत नाही.

— बेबीनंदा

•

पुणे, २८ मार्च २००३

अक्कास सा. नमस्कार.

पत्र मिळालं. गोपिकाबाईंच्या नावानं लिहितो आहे.

आधी पहिला प्रश्न. डिरेक्टरी कशी चालते ते तुला माहीत असलं तर समितीपुढे बोलता येईल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पाकिटावर पत्ता असतो तशी प्रत्येकाची नोंद असते. आधी माणूस, मग त्याची शाळा, मग संस्था. शोधताना खालून वर वाचत यायचं. हे सगळं मी मुळापासून लिहिलेलं नाही. एक तयार लायब्ररी आहे, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून सगळ्यांना मोकळा ठेवलेला कोड. उत्तरं देणारा सर्व्हर आणि त्याला विचारणारा क्लायंट, दोन्ही बांधायचं सामान तिच्यात मिळतं. मी दोन्ही बांधले. सर्व्हर तुझ्या शेजारी घरघरतो तो. क्लायंट तुम्हा चौघांच्या टेबलांवर.

क्लायंट तुझं नाव आणि पासवर्ड सर्व्हरला पाठवतो. सर्व्हरनं "यशस्वी" असं उत्तर दिलं की क्लायंट पडदा उघडतो. तिथून पुढं जो बदल होईल तो त्या नावावर लिहिला जातो. माणसं विसरतात, खोटंही बोलतात. नोंदीला तसं करायचं कारण नसतं.

तेव्हा प्रश्न उरतो तो पासवर्डचा. कोणाला सांगितला होतास? ड्रॉवरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवला होता? रामकिसन दाजींना माहीत आहे? मी आरोप करत नाही. समिती विचारेल ते मी आधी विचारतो आहे. तारीख बदलून काकासाहेबांशिवाय कोणाचा फायदा नव्हता, आणि ते तुझ्या घरचे आहेत. हे तिथं सगळ्यांना दिसतं तसं मला इथूनही दिसतं.

दुसरा प्रश्न. दुरुस्तीसाठी मला संस्थेच्या टेलिफोन लाइनवरून आत येता येतं. ते करारात लिहिलेलं आहे, अप्पारावांची त्यावर सही आहे. किल्ली म्हणायची तर ती. सहा मार्चला मी ती वापरलेली नाही.

मामांच्या गुडघ्याचं कसं आहे?

— वसंता

•

अंबड, ३ एप्रिल २००३

चि. वसंतास आशीर्वाद.

तू मला चोर म्हणालास. चांगल्या भाषेत म्हणालास, शिकलेला आहेस. काल पाडवा होता. गुढीला साखरेची गाठी बांधताना तुझं पत्र कमरेला खोचलेलं होतं.

आता मी सांगते ते वाच.

सोमवारी सकाळी धुळाजी रेकॉर्ड रूमच्या दारात आला. धुळाजी म्हणजे आमचा शिपाई, तुला आठवत असेल, तू बसवायला आलास तेव्हा टेबलं त्यानंच सरकवली होती. म्हणाला, "बाई, आज मशीनी उघडून न्हाई राह्यल्या. चारीच्या चारी रुसल्या."

मी त्याच्या मागं गेले. मला तिकडं जायची मनाई आहे तरी गेले. चारही पडद्यांवर एकच ओळ होती: पासवर्ड द्या. अप्पाराव खुर्चीवर बसून बघत होते. "माझा पासवर्ड काय असतो रे?" त्यांनी धुळाजीला विचारलं. धुळाजी म्हणाला, "मला काय म्हाईत साहेब, मी कधी टाकलाच न्हाई." आसराबाई म्हणाल्या, "अप्पाराव, तुमचा तुमाला म्हाईत पायजे. बेबीबाईंकडून तर लिहूनसुद्धा घेतलं तुमी." आतून अण्णासाहेब ओरडले, "अरे जल्दी करा, माझी फाइल आत हाये!" कोणालाच काही करता येईना. साडेबाराला तुझ्या कंपनीत फोन लावला तेव्हा कुठं नवे पासवर्ड मिळाले.

धुळाजी रोज दहाला कपाटं उघडतो, माठ भरतो, हजेरीपट मांडतो आणि चारही संगणक उघडून ठेवतो. नाव आदल्या दिवशीचं चौकटीत असतंच. खालची चौकट रिकामी ठेवून तो दोनदा एंटर दाबतो. आम्ही येतो तेव्हा पडदा तयार असतो. वीज जाऊन आली की आम्हीच त्याला हाक मारतो, धुळाजी, उघडून दे रे. ऑगस्टपासून असंच चाललं आहे. आम्हाला वाटायचं यंत्रानं पासवर्ड लक्षात ठेवला आहे.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुला हे कोणी शिकवलं? म्हणाला, "वसंता सायबांनी. बसवायला आल्ते तवा दिवसभर तसंच करत होते. दोन टिचक्या मारल्या की उघडायचं. मंग मी बी तसंच."

म्हणजे मी खोटं लिहून दिलं आहे. रोज पासवर्ड मी टाकत नव्हते, कोणीच टाकत नव्हतं. खरं लिहिलं असतं तर पहिला धुळाजी गेला असता, आणि मीही सुटले नसते. तेव्हा असं वाटलं.

शनिवारपर्यंत दोन टिचक्यांनी उघडत होतं. सोमवारी बंद झालं. तुझं पत्र अठ्ठावीस तारखेचं आहे, शुक्रवारचं. शनिवार-रविवारी तू काय केलंस?

— बेबीनंदा

•

पुणे, ८ एप्रिल २००३

अक्कास सा. नमस्कार.

शनिवारी संध्याकाळी मी टेलिफोन लाइनवरून आत आलो आणि ते भोक बुजवलं. मागचं पत्र लिहिताना मला ते माहीत होतं. तुझं पत्र वाचल्यावर मी कोड परत काढून पाहिला होता, अर्ध्या तासात सापडलं. तरी तुला नोंद खोटं बोलत नाही असं लिहिलं.

चूक अशी आहे. नाव दिलं आणि पासवर्ड रिकामा ठेवला, तर डिरेक्टरीचा जुना नियम असा की सर्व्हरनं त्या माणसाला अनोळखी समजायचं. अनोळखी म्हणून आत घ्यायचं आणि उत्तर द्यायचं: यशस्वी. त्याचा अर्थ एवढाच की हाक पोचली. माझ्या क्लायंटनं अर्थ घेतला की ओळख पटली. रिकामी चौकट क्लायंटनं सर्व्हरकडे पाठवायचीच नसते, आणि सर्व्हरनंही घ्यायची नसते. लायब्ररीच्या माहितीत ही सूचना स्पष्ट लिहिलेली आहे. मी ती वाचली होती. बसवताना दिवसातून पन्नास वेळा आत-बाहेर करावं लागायचं, पासवर्ड टाइप करायचा कंटाळा यायचा. म्हटलं, जाताना बंद करू. जाताना एसटी चुकेल अशी वेळ झाली होती.

अनोळखी माणसाला खरं तर काही बदलता येऊ नये. पण एकदा पडदा उघडला की बदल क्लायंट स्वतःच्या अधिकारानं करतो आणि वहीत चौकटीतलं नाव लिहितो. धुळाजीनं अण्णासाहेबांच्या नावावर दोन टिचक्या मारून तारीख बदलली असती, तर वहीत अण्णासाहेब आले असते.

मी लपवलं, कारण हाच क्लायंट आमची कंपनी मे महिन्यात एका मोठ्या इस्पितळात बसवते आहे. तो मी लिहिला म्हणून मला या जागेवर घेतलं. इथं कळलं तर मला ठेवणार नाहीत. तिथला मी दुरुस्त केला आहे, त्यामुळं कोणाचं नुकसान होणार नाही. एवढंच मागतो की ही गोष्ट बाहेर काढू नकोस. चौकशीत सांग की त्या वेळी तू खुर्चीवर नव्हतीस. कोणी पाहिलं असेल तर तो साक्षीदार होईल.

आणि मी तुझ्यावर संशय घेतला ते विसर. तो मला सोयीचा होता.

— वसंता

•

अंबड, १२ एप्रिल २००३

वसंता,

ते भोक परत उघड.

मी सगळा विचार केला आहे. समितीपुढे मी काय सांगू? की पूर्वी रिकाम्या चौकटीनं उघडत होतं, आता उघडत नाही? अण्णासाहेब म्हणतील, दाखवा. मी दाबीन आणि पडदा म्हणेल पासवर्ड द्या. अप्पाराव तर आताच सगळ्यांना सांगत फिरतात की बिघाड सोमवारी झाला, आधी सगळं बराबर होतं. स्वतः सात महिने दोन टिचक्यांवर बसले होते ते आता त्यांना आठवत नाही. म्हणतात, "मी तर रोज टाकायचो." माणूस असा समोर बसून खोटं बोलतो आणि पानाला चुना लावत राहतो. मीही तेच लिहून दिलं आहे म्हणून मला त्यांना काही म्हणता येत नाही.

आसराबाई खरं सांगतील असं मला वाटत होतं. परवा त्यांना विचारलं. म्हणाल्या, "बेबीबाई, माझी तीन वर्षं राह्यली. मला मधात नका घेऊ." त्या वाईट नाहीत.

तू भोक बुजवून पुरावा बुजवलास. चौकशीच्या आदल्या दिवशी जुना प्रोग्राम परत चढव. मी अण्णासाहेबांच्याच नावावर, त्यांच्याच डोळ्यांसमोर दोनदा एंटर दाबीन. मग वहीतल्या कुठल्याच नावाला काही अर्थ उरणार नाही. माझ्याही नाही. आणि तू लिहून दे की हे सुरुवातीपासून होतं. तुझ्या सहीनं. नाहीतर म्हणतील, बहिणीसाठी कालच केलं.

तुझ्या नोकरीचं वाचलं. अकरावी-बारावीला तू आमच्याकडे राहिलास हे मी आठवण करून देणार नाही असं ठरवून बसले होते. बघ, लिहिलंच. पण मागते आहे ती त्याची भरपाई नाही. चूक तुझी आहे आणि जबाब मी देते आहे, एवढंच.

मामांचा गुडघा विचारलास. वडिलांना आता काठी लागते. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.

— बेबीनंदा

•

पुणे, १७ एप्रिल २००३

अक्कास सा. नमस्कार.

करतो. तेवीस तारखेला संध्याकाळी जुना प्रोग्राम परत चढवीन. चोवीसला मी स्वतः अंबडला येतो. पहिल्या दिवसापासून ही चूक होती असं लिहून, सही करून आणतो. साहेबांना इथं आजच सांगितलं. त्यांनी फक्त दार लावून घेतलं आणि इस्पितळाची फाइल माझ्या हातातून घेतली. पुढं काय करतील ते माहीत नाही.

पण लिहून देण्याआधी मला नोंदवही नीट बघायची होती. तू वाचतेस त्या वहीच्या मागं सर्व्हरची स्वतःची एक वही असते. ती अप्पारावांना दिसत नाही, आणि दिसली तरी आकडेच आकडे आहेत. कोणताही क्लायंट सर्व्हरशी बोलायला लागला की सर्व्हर त्या जोडणीला एक क्रमांक देतो. पडदा बंद होईपर्यंत तोच क्रमांक. परत उघडला की नवा.

सहा मार्चला सकाळी १०.०७ ला तुझ्या नावानं एक जोडणी सुरू झाली. क्रमांक ३१८. तो धुळाजी असणार. त्याच्या पुढं-मागं एकेका मिनिटानं बाकीच्या तिघांच्या आहेत. त्यानंतर दुपारी वीज जाईपर्यंत तुझ्या नावानं दुसरी जोडणी नाही. ११.४० चा बदल ३१८ मधूनच झाला.

म्हणजे तुझं नाव टाकून, रिकाम्या चौकटीतून, दुसऱ्या टेबलावरून कोणी आलं नाही. आलं असतं तर नवा क्रमांक पडला असता. ज्यानं तारीख बदलली त्यानं ती तुझ्या टेबलावर, तुझ्यासमोर उघड्या असलेल्या पडद्यावर बदलली. चौकटीत पासवर्ड भरलेला असता तरी हे असंच झालं असतं.

मी तुला आता काही म्हणत नाही. मागे एकदा म्हणून बसलो. फक्त विचारतो. सहा मार्चला, गुरुवारी, अकरा चाळीसला तुझ्या खुर्चीवर कोण होतं?

— वसंता

•

अंबड, २० एप्रिल २००३

चि. वसंतास आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. गोपिकाबाईंनी पदराखालून दिलं. म्हणाल्या, "कुणाची एवढी पत्रं येऊन राह्यली गं माझ्या नावानं? आमच्या घरात मला हसतात." मी म्हटलं, माहेरची.

ऊन फार आहे. रेकॉर्ड रूमला खिडकी नाही. एकोणीसशे सत्तरपर्यंतच्या फायली बांधून झाल्या.

त्या गुरुवारी काकासाहेब भाऊजी आले होते. पिंपळगावची शाळा सोडून ते कधी मधल्या वारी येत नाहीत, शनिवारी येतात. माझ्या समोर बसले. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "बेबी, चहा न्हाई पाजणार का दिराला?" धुळाजी बँकेत गेला होता. मी स्वतः उठून हॉटेलात सांगायला गेले. समोरच तर आहे. हॉटेलवाला दूध तापवत होता, थांबावं लागलं. परत आले तेव्हा ते माझ्या खुर्चीवर बसले होते. मला बघून उठले नाहीत. म्हणाले, "मऊ हाये गं खुर्ची. आमच्या नशिबी लाकडी." मी हसले. चहा पिऊन ते गेले.

संगणक त्यांना येतो. शाळेचे निकाल तेच करतात.

वायर उपटल्यावर अप्पारावांनी वहीतली तारीख आणि वेळ सांगितली तेव्हा पहिल्या क्षणाला मला हेच आठवलं. तुला लिहिलं नाही. तुला विचारलं, माझं नाव मी नसताना येऊ शकतं का. मला वाटलं तू काहीतरी यंत्राचं कारण काढशील आणि मला त्यांच्यावर संशय घ्यावा लागणार नाही. तू काढलंस. ते खरंही निघालं.

मी त्यांना विचारलेलं नाही. ते दर शनिवारी येतात, ओट्यावर बसतात, मला विचारतात, "काय झालं गं त्या चौकशीचं? घाबरू नको, मी हाये." ह्यांची आई हे तीन वर्षांचे असताना गेली. भाऊजींच्या आईनं, सोनूबाईंनी, ह्यांना वाढवलं. हे भाऊजींसमोर अजून खाटेवर बसत नाहीत. मी त्यांचं नाव घेतलं तर माझी नोकरी राहील आणि घर राहणार नाही.

तू भोक दाखव. तेवढं पुरे आहे. नोंदीवर कोणाचा विश्वास उरणार नाही, मी सुटेन, तेही सुटतील. तारीख तर सेवापुस्तकावरून दुरुस्त झालीच आहे, त्यांना ती जागा काही मिळत नाही. मग कोणाचं काय गेलं? ३१८ चा कागद आणू नकोस. तो आहे हे तुला आणि मलाच माहीत आहे.

हे लिहून परत वाचलं. तुझं काय गेलं ते मला माहीत आहे.

— बेबीनंदा

•

अंबड, २४ एप्रिल २००३, संध्याकाळ

अक्कास सा. नमस्कार.

बसस्टँडसमोरच्या लॉजवर उतरलो आहे. तुमच्याकडे येत नाही. उद्या अप्पाराव म्हणायला नको की रात्री बहिणीकडे बसून जुळवलं. हे पाकीट गोपिकाबाईंच्या हातात देऊन परत येईन.

जुना प्रोग्राम काल संध्याकाळी चढवला. आज सकाळी सगळ्यांनी नवे पासवर्ड टाकले असतील, ते चालतात, त्यामुळं कोणाच्या लक्षात येणार नाही. रिकामी चौकटही चालते.

माझा सहीचा कागद मी समितीला देईन. चूक माझी आहे, ती पहिल्या दिवसापासून होती, तिच्यामुळं वहीतलं नाव कोणाचंही असू शकतं. हे सगळं खरं आहे. फक्त त्या दिवशी त्या भोकातून कोणी आलं नव्हतं, तेही खरं आहे. साहेबांनी काल मला महिनाअखेरपर्यंत दुसरीकडं बघायला सांगितलं. बसमध्ये सगळा वेळ मी हाच हिशेब करत होतो की मी कशासाठी जातो आहे. ज्या दारानं चोर आलाच नाही ते दार दाखवायला.

अजून एक लिहितो. जालना सोडल्यावर वाटलं की तू चहा सांगायला मुद्दाम उठलीस का. धुळाजी यायची वाट बघता आली असती. याचं उत्तर मला पाठवू नकोस. तू काहीही लिहिलंस तरी मी ते दोनदा वाचीन, इतका आता मी बिघडलो आहे.

३१८ चा कागद सोबत आहे. एकच प्रत काढली. ज्या दोन ओळी बघायच्या त्यांच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आहे. उद्या मला तो कागद कोणी मागणार नाही, कारण विचारण्याएवढं तिथं कोणालाच कळत नाही. मी होऊन सांगणार नाही. कोणी थेट विचारलंच तर खोटं बोलणार नाही. आता तो तुझ्याकडे आहे. चुलीत घातलास तरी मी विचारणार नाही.

— वसंता

•

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, अण्णासाहेबांच्या खोलीत बेबीनंदानं त्यांच्या नावाखालची चौकट रिकामी ठेवून दोनदा एंटर दाबलं. पडदा उघडला. अण्णासाहेबांनी तिला परत एकदा करायला लावलं. परत उघडला. त्यांनी वसंताचा कागद वाचला, त्याला बसायला सांगितलं नाही. मग म्हणाले, "बाईंचा दोष न्हाई. तसं लिहा, अप्पाराव, आन् बंद करा हे." अप्पारावांनी लिहून घेतलं. बेबीनंदा सही करायला उठली. सही करण्याआधी तिनं पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला, तो उलगडून टेबलावर ठेवला, पेन्सिलीच्या दोन रेघा बोटानं दाखवल्या आणि त्या दिवशी तिच्या खुर्चीवर कोण बसलं होतं ते सांगितलं. रोज पासवर्ड आपण टाकत नव्हतो, हेही सांगितलं. तिचा जबाब नव्यानं लिहायला साडेबारा वाजले. ती बाहेर आली तेव्हा तिचा नवरा रामकिसन फाटकाशी सायकल धरून उभा होता. काय झालं, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, सायकल वळवली आणि एकटाच निघून गेला.